टेम्पो कुणावर टाकायचा

ऋषिराजने लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. सातारा. ओळीच्या शेवटचा आकडा लाल होता. शरयूने चष्मा वर सरकवला आणि तो आकडा उगाचच दोनदा वाचला. आकडा तिला अनोळखी नव्हता. त्याचे सगळे तुकडे तिच्याच हातून गेले होते. गेले दोन महिने ती दुसरं काही करतच नव्हती. पण तुकडे होते तोवर ते लाइटबिल होतं, हमाली होती, टेम्पोचं डिझेल होतं, सुतळी आणि बारदान होतं. असं सगळं एका ओळीत गोळा होऊन लाल झालेलं ती पहिल्यांदा बघत होती. "काकू, दिवाळीनंतर साताऱ्याचं दुकान बंद करायचं म्हणतोय," ऋषिराज म्हणाला. मग आपण कुणाशी बोलतोय ते लक्षात आल्यासारखा जरा मऊ झाला. "काकाही घरी येतील. किती वर्षं एकटे काढली त्यांनी तिकडे." शरयूने मान हलवली. साताऱ्याचं दुकान म्हणजे सुमंत, तिचा नवरा. दुकान बंद म्हणजे त्याचा पगार बंद. या वयात त्याला दुसरीकडे कोण ठेवून घेणार. हे सगळं तिला सुचायला हवं होतं, आणि सुचलंही, पण थोडं मागाहून. त्याआधी दुसरंच काहीतरी मनात आलं होतं, आणि त्याला शब्द होते. शब्द असे होते, की आता हा माणूस रोज घरी असणार.

जागेवर येऊन बसल्यावर ती बराच वेळ कीबोर्डवरची पिवळी धूळ बोटाने पुसत राहिली. मार्केट यार्डातल्या त्या ऑफिसात सगळ्यावरच पिवळी धूळ असायची. फायलींवर, पंख्याच्या पात्यांवर, तिच्या ब्लाउजच्या काखेत. नवीन माणसाला हळदीचा वास पहिले चार दिवस येतो, मग येईनासा होतो. तिला तो इतकी वर्षं आला नव्हता आणि आत्ता एकदम आला, कडवट, ओल्या मातीसारखा, जसा पहिल्या दिवशी आला होता. त्या दिवशी पेढीचे तेव्हाचे मालक लालासाहेब, ऋषिराजचे वडील, स्वतः तिला ही खुर्ची दाखवायला आले होते. साताऱ्याला दुकान काढलं होतं आणि तिथे विश्वासातला माणूस हवा होता. सुमंत तेव्हा इथेच, सांगलीच्या काउंटरवर होता. अबोल, सरळ, कुणाच्या अध्यात न मध्यात. लालासाहेब त्याला म्हणाले, वर्षभर बघा, मग दुसरा माणूस देतो; आणि घरात ओढाताण नको म्हणून वहिनींना आपल्याकडे हिशेबाला बसवू, कॉमर्स झालंय त्यांचं. त्यांची मुलगी अबोली तेव्हा दुसरीत होती. ते वर्ष संपलं, पुढचं संपलं, दुसरा माणूस आला नाही, आणि काही काळाने त्याबद्दल कुणी विचारेनासं झालं. अबोली शिकून पुण्याला नोकरीला लागली. लालासाहेब गेले. सुमंत दुकानाच्या माडीवरच्या खोलीत राहतच होता, शनिवारी एसटीने येत होता आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जात होता.

सुरुवातीला ती वाट बघायची. हे तिला नीट आठवत होतं, म्हणजे वाट बघत होतो एवढं आठवत होतं. ते कसं वाटायचं ते आता आठवत नव्हतं. शुक्रवारपासूनच घर आवरायची, त्याला आवडतात म्हणून भरली वांगी करायची. मग कधीतरी ते वाट बघणं इतर कामांसारखं एक काम झालं. आणि त्याच्याही पुढे कधीतरी, ते कोणत्या वर्षी हे तिला सांगता आलं नसतं, शनिवार जवळ आला की तिच्या खांद्यांत एक ताठरपणा यायला लागला. त्याची बॅग पलंगाच्या उजव्या बाजूला असायची. न्हाणीघरात त्याचं खाकरणं. टीव्हीचा आवाज तो दोन घरं वाढवायचा. तो काही मागायचा नाही, तक्रार करायचा नाही, जे वाढेल ते जेवायचा आणि रविवारी दुपारी पेपर तोंडावर घेऊन झोपायचा. पाहुण्यासारखा माणूस. सोमवारी तो गेला की ती दार लावून तशीच उभी राहायची, आणि घर हळूहळू पुन्हा आपल्या मापाचं व्हायचं. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही सांगितलं नव्हतं. ऋषिराजच्या केबिनमध्ये, त्या लाल आकड्यासमोर, ते पहिल्यांदा वाक्य होऊन आलं होतं.

आणि तरीही तो माणूस असाच नव्हता, हे तिला ठाऊक होतं. एकदा ऑफिसातल्या एकीच्या लग्नासाठी ती साताऱ्याला गेली होती, आडवारी. सुमंतला कळवलं नव्हतं; मुद्दाम नव्हे, राहून गेलं. जेवणं आटोपल्यावर ती मोती चौकाकडून चालत दुकानाच्या गल्लीत शिरली. दुकानात गिऱ्हाईक होतं, शेतकरी दिसणारा म्हातारा आणि त्याची सून. सुमंत बाहेर पायरीवर आला होता. त्याने हळकुंड कडकन मोडलं, आतला रंग उन्हात धरून सुनेला दाखवला, काहीतरी बोलला, आणि तो म्हातारा हसला, आणि सुमंतही हसला. मान मागे टाकून, सगळे दात दिसतील असा. शरयू समोरच्या बांगड्यांच्या दुकानाशी उभी होती. तिने ते हसू याआधी बघितलं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि आपल्या नवऱ्याचा एक दात मागे सोन्याने बांधलेला आहे हे तिला तिथे, रस्त्यापलीकडून कळलं. बांगडीवाल्याने काय दाखवू म्हणून विचारलं तेव्हा ती चालायला लागली, आणि थेट स्टँडवर जाऊन सांगलीच्या गाडीत बसली. त्या शनिवारी तो आला, जेवला, पेपर वाचला. साताऱ्याला जाऊन आल्याचं तिने त्याला सांगितलं नाही. त्या दिवशी परतीच्या वाटेत किती वेळ तिला वाटत राहिलं होतं, की आपण तिकडे गेलो असतो तर ते हसू बंद झालं असतं.

टॅगचं काम ऋषिराजने पावसाळ्याच्या तोंडाशी दिलं होतं. तो पुण्याला शिकून आला होता, बोलायला चांगला होता, ऑफिसात कुणावर आवाज चढवत नसे. जुन्या हिशेबात खर्च नुसता खर्च असतो, त्याने सांगितलं. वाहतूक एवढी, पगार एवढा, लाइटबिल एवढं. आता प्रत्येक एंट्रीला टॅग, म्हणजे चिठ्ठी, लावायची, पोत्याला लावतो तशी. एक चिठ्ठी शाखेची, एक मालाची, एक कारणाची. म्हणजे मग हवी ती चिठ्ठी दाबली की तेवढाच हिशेब वेगळा होऊन समोर येतो. नुसत्या मिरचीवर किती कमावलं, नुसत्या विट्याच्या गिऱ्हाइकांवर किती, नुसत्या साताऱ्यावर किती. शरयूला ते आवडलं होतं. खोटं कशाला, फार आवडलं होतं. मागल्या तीन वर्षांच्या एंट्र्या एकेक करून उघडायच्या, वाचायच्या आणि विचारायचं, तू कुणाची? बहुतेक एंट्र्या सरळ होत्या. काही थोडा वेळ घ्यायच्या. लालासाहेबांच्या तेराव्याचं जेवण कोणत्या शाखेचं? ऋषिराज हसून म्हणाला होता, हेड ऑफिस. काही तिला घरी येऊनही सोडत नसत, आणि भात ढवळताना एकदम उत्तर सुचे. किती वर्षांत असं काही काम तिच्या वाट्याला आलं नव्हतं, जिथे तिचं मत लागतं.

टेम्पो त्यातलाच. टेम्पो सांगलीहून साताऱ्याला जायचा आठवड्यातून तीनदा, पण वाटेत इस्लामपूरला आणि कराडला माल उतरवायचा, आणि त्या मालाची बिलं सांगलीच्या नावावर निघायची. डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता, टायर. तीन वर्षांचा ढीग. तिने ऋषिराजला विचारलं, टेम्पो कुणावर टाकायचा? तो फोनवर होता. फोनवर तळवा ठेवून म्हणाला, "तुम्हाला योग्य वाटेल तिथे टाका काकू, तुम्हाला सगळं माहितीये." ती जागेवर आली. वाटणी करायची तर प्रत्येक फेरीत कुठे किती माल उतरला त्याची चलनं काढावी लागणार होती. टेम्पो साताऱ्याला जातो, साताऱ्याहून परत येतो, सगळे त्याला साताऱ्याचा टेम्पोच म्हणतात. तिने यादीतून सातारा निवडलं, आणि तिथून पुढे टेम्पोच्या सगळ्या एंट्र्या एकदम निवडून सगळ्यांना तीच चिठ्ठी लावली. स्क्रीन क्षणभर थांबला आणि झालं. तेव्हा आपल्या मनात काय होतं? आता लाल आकडा बघून आल्यावर ती त्या क्षणाकडे पुन्हा पुन्हा जात होती. आळस होता? कंटाळा होता, भूक होती, डब्याची वेळ झाली होती? की याने दुकान तोट्यात दिसेल हे कुठेतरी माहीत होतं? आणि माहीत असलं तर हवं काय होतं, तो यायला हवा होता, की त्याचं ते पायरीवरचं हसू मोडायला हवं होतं? तो घरी येणार हे तर आत्ता नकोसं वाटलं. मग तसं कसं म्हणता येईल? प्रत्येक एंट्रीला कारण विचारत आलेली बाई स्वतःच्या एका क्लिकचं कारण सांगू शकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने चलनांचे गठ्ठे खाली काढले. कुणी सांगितलं नव्हतं. फेरीवार माल बघून ती टेम्पोचा खर्च वाटायला लागली. इतका इस्लामपूरचा, इतका कराडचा, उरला तो साताऱ्याचा. धुळीने घसा बसला. अबोलीचा फोन आला तर आवाज ऐकून तिला वाटलं आई रडतेय. आठवडाभर ती तेच करत होती, आणि करताना एक प्रकारचं बरं वाटत होतं, जसं चुकलेली वीण उसवताना वाटतं. शेवटची चिठ्ठी बदलून तिने रिपोर्ट काढला तेव्हा साताऱ्याची ओळ काळी झाली होती. नफा थोडाच होता, पण होता. तिने तो कागदावर छापून घेतला आणि ऋषिराजच्या टेबलावर ठेवला. टेम्पोचं आपलं चुकलं होतं असं सांगितलं.

त्याने तो नीट वाचला. चिडला नाही. उलट म्हणाला, हे बरोबर आहे, असंच पाहिजे, आता दरवेळी असंच वाटा. मग त्याने लॅपटॉप पुढे ओढला. दुकानाची जागा आपल्याच मालकीची आहे म्हणून तिचं भाडं आपण धरत नाही, तो म्हणाला. पण भर गल्लीतली जागा दुसऱ्याला दिली तर काय भाडं येईल? ते साताऱ्याच्या नावावर धरायला हवं ना? त्याने नवीन चिठ्ठी तयार केली, आकडा घातला. ओळ पुन्हा लाल झाली, पहिल्यापेक्षा जास्त. शरयू उभीच होती. तिने विचारलं, हे भाडं प्रत्यक्षात कुणी देतं का. तो खुर्चीत मागे टेकला, आणि त्याच्या आवाजात वाईट काही नव्हतं.

"काकू, रिपोर्ट काय, पाहिजे तसा निघतो. जागेचं माझं बोलणं उन्हाळ्यातच झालंय. मोबाइलवाला घेतोय."

म्हणजे तिने पहिली चिठ्ठी लावली त्याच्याही आधी. ती म्हणाली, मग हे सगळं कशाला करायला लावलंत. बँकेला दाखवायला लागतं, तो म्हणाला, आणि धंद्यात भाग असलेल्या चुलत्यांना. शिवाय पुढे उपयोगाचं आहेच. बाहेर येताना तिला वाटलं होतं, आता सुटल्यासारखं वाटेल. आपल्या हाताने काही झालं नव्हतं. पण सुटल्यासारखं वाटलं नाही. आपल्या हाताने झालं असतं तर निदान आपल्याला काहीतरी हवं होतं असं म्हणता आलं असतं.

सुमंतला तिने रविवारी सांगितलं, जेवणं झाल्यावर, पेपर उघडायच्या आत. त्याला अंदाज होता. मोबाइलवाला येऊन दोनदा जागा मोजून गेला होता, त्याने सांगितलं, आणि ऋषिराजने फोनवर, बघू काका, काहीतरी करू, असं म्हटलं होतं. तो सांगत होता ते दुसऱ्याच कुणाच्या दुकानाचं असावं अशा सुरात. शरयूने लाल ओळीचं सांगितलं, टॅगचं सांगितलं. तिला वाटत होतं त्याने चिडावं, निदान एकदा.

"टेम्पो कुणावर टाकला होतास?" त्याने विचारलं.

"साताऱ्यावर. सगळा."

"तो कराडलाच अर्धा रिकामा व्हायचा."

"माहीत आहे. नंतर मी वाटला. उपयोग झाला नाही."

"नंतर," तो म्हणाला. प्रश्न नव्हता, दोषही नव्हता. शब्द हातात घेऊन बघावा तसा तो एवढंच म्हणाला. मग त्याने पेपर उघडला. ती समोर बसून राहिली. तू असं का केलंस असं त्याने विचारलं असतं तर ती काहीतरी बोलली असती. काय ते तिलाही ठाऊक नव्हतं, पण तोंड उघडल्यावर काहीतरी आलं असतं. पेपरच्या पानावरून पंख्याचा वारा जात होता. थोड्या वेळाने पान उलटायचं थांबलं, तो झोपला होता.

दुकान बंद करताना मालाची मोजदाद करायला ऋषिराजने तिलाच पाठवलं. दिवाळीनंतरचं कोरडं ऊन होतं, गल्लीच्या टोकाला अजिंक्यताऱ्याचा उतार पिवळा पडला होता. इतक्या वर्षांत ती त्या दुकानाच्या आत पहिल्यांदा पाय ठेवत होती. सुमंत मागे गोदामात हमालांबरोबर होता. पुढच्या बाजूला हरणाबाई हळकुंडं निवडत बसली होती. दुकानात पहिल्यापासून निवडणटिपण करणारी, म्हसवडकडची, धनगराची बाई, कपाळावर गोंदण, हात मनगटापर्यंत पिवळे. काम संपलं होतं तरी तिने सुपात थोडी हळद घेतली होती आणि निवडत होती. शरयूने आपलं नाव सांगितलं. हरणाबाईने सूप खाली ठेवलं आणि तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद पसरला की शरयू गोंधळली.

"तुमी व्हय त्या? आवं, लय ऐकलंय तुमच्याविषयी. बसा की. भाकरी थापताना गाणं म्हनता नव्हं तुमी? सायेब सांगायचे."

शरयू बसली. ती गात नव्हती. शाळेत प्रार्थनेला म्हटलं असेल तेवढंच. अबोलीला झोपवतानाही ती नुसती थोपटायची. तिने विचारलं, अजून काय सांगायचे. हरणाबाईला सांगायला आवडत होतं. पावसात तुम्ही गच्चीवर गेलात नि सायबांनी ओरडून बोलावलं तरी खाली आला नाहीत. मुलीच्या निकालाला तुम्ही सगळ्या आळीला पेढे वाटले नि घरच्याला ठेवायला विसरलात. मेथीवरून तुमचं भांडण झालं नि तुम्हीच आधी हसलात. गिऱ्हाईक नसलं की साहेब इथे या पायरीवर बसून सांगत.

"काल आमच्यात असं झालं, असं सांगायचे बगा. मी म्हनायची, सायेब, काल तर तुमी हितंच व्हता की. तवा हसायचे. लय हसायचे."

तिच्या मागे गोदामातून पोती आपटल्याचा आवाज येत होता. शरयूने सुपातलं एक हळकुंड उचललं आणि हातात फिरवत राहिली. ती बाई कोण होती? पावसात भिजणारी, पेढे वाटणारी, मेथीवरून भांडून हसणारी. ती तर रोज इथे, या पायरीवर, त्याच्याबरोबर राहत होती. इतकी वर्षं. आणि तो शनिवारी एसटीत बसून तिला सोडून सांगलीला यायचा, आणि दार उघडायची ती शरयू. तिला राग येतोय का हे तिने तपासून बघितलं. राग नव्हता. हेवा होता, आणि तो इतका जुना वाटला की जणू त्या बांगड्यांच्या दुकानाशी उभी असतानाच तो सुरू झाला होता, फक्त कुणाचा ते तेव्हा कळलं नव्हतं. तिने हरणाबाईला विचारलं, आता पुढे काय करणार. गावाकडे जायचं, ती म्हणाली. दिराची मेंढरं आहेत, पण आता चालवत नाही गुडघ्यांनी. मग पुन्हा सूप मांडीवर घेऊन, जराशी लाजत म्हणाली, "एक डाव त्ये गाणं म्हना की. कवा येनार तुमी पुना." शरयू म्हणाली, घसा बसलाय, धुळीने.

परतताना एसटीत दोघं शेजारी बसले. त्याची एक ट्रंक आणि गादीची वळकटी टपावर होती. उंब्रजपर्यंत तिने विचारायचं ठरवलं, कराडनंतर ठरवलं, इस्लामपूरला तो उतरून तिच्यासाठी चहा घेऊन आला तेव्हा तर शब्द ओठावर होते. पण काय विचारायचं? ती कोण, असं? ती तूच, असं तो म्हणाला असता तर तो खोटं बोलला असता. आणि ती कुणीच नाही असं म्हणाला असता तर तेही तिला ऐकायचं नव्हतं. चहा गोड होता. तिने तो संपवला आणि कप त्याच्या हातात दिला.

सुमंतला घरी येऊन आता हिवाळा सरत आला. काहीतरी करू असं ऋषिराज म्हणाला होता, त्याचं काही झालं नाही. सुमंतने दोन-तीन दुकानांत विचारलं. सगळ्यांनी बसवलं, चहा दिला, लालासाहेबांच्या आठवणी काढल्या. तो सकाळी लवकर उठून पाणी भरतो, दूध आणतो, तिचा डबा भरायला मदत करतो, आणि ती निघाली की दारापर्यंत येतो. ती आल्यावर दार उघडतो. टीव्हीचा आवाज आता तो कमी ठेवतो. तिला त्रास होतो हे त्याने कधीतरी ओळखलं असावं, आणि त्या कमी आवाजाचा तिला जास्त त्रास होतो. ते भांडत नाहीत. मेथी बऱ्याचदा होते. जेवताना अबोलीचा फोन आला की दोघंही आळीपाळीने बरंच बोलतात, आणि फोन ठेवला की पाण्याचा तांब्या इकडून तिकडे जातो. ऑफिसात ती उशिरापर्यंत बसायला लागली होती, पण आता बसायला कामही उरलेलं नाही. नवं सॉफ्टवेअर चिठ्ठ्या स्वतःच लावतं. तिने लावलेल्या बघून शिकलंय, ऋषिराज म्हणतो. मार्चनंतर अर्धा दिवस आलात तरी चालेल काकू. अर्ध्या दिवसाचा अर्धा पगार, हे त्याने म्हटलं नाही आणि तिने विचारलं नाही.

मागल्या आठवड्यात एका दुपारी तिचं डोकं दुखायला लागलं म्हणून ती जेवणाच्या वेळीच घरी आली. दाराला कुलूप होतं; सुमंत भाजी आणायला गेला असावा. तिने आपल्या किल्लीने उघडलं, दार नुसतं लोटलं, चपला आतल्या कपाटात ठेवल्या, आणि आडवं व्हायच्या आधी कुकर चढवला. कुकर तापायला लागला तेव्हा जिन्यात पावलं वाजली, बरोबर शेजारच्या मानसिंगरावांचा आवाज. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते, त्यांना दुपारी बोलायला माणूस लागे. दोघं आत आले नाहीत. बाहेर गॅलरीतल्या खुर्च्या ओढल्याचा आवाज आला. दाराची उघडी फट सुमंतच्या लक्षात आली नसावी, किंवा आली असेल तर कुलूप लावायचं विसरलो असं वाटलं असावं.

मानसिंगरावांनी विचारलं, वहिनी दिसत नाहीत.

"ऑफिसात," सुमंत म्हणाला. "सहाशिवाय येत नाही. आणि आली की बघा, जिन्यातूनच हाक मारते. सगळ्या बिल्डिंगला कळतं शरयू आली म्हणून." त्याचा आवाज वेगळा होता, मोकळा, पायरीवरचा. "परवा काय केलं माहितीये? कुल्फीवाला गेला खालून. मी म्हटलं, थंडीत कुल्फी? ऐकेना. अशीच धावली, एका पायात तिची चप्पल, एका पायात माझी."

मानसिंगराव हसले. सुमंतही हसला, मोठ्याने. परवा ती सात वाजता आली होती, जेवली होती, आणि ते काही बोलले होते की नाही तेही तिला आठवत नव्हतं. ओट्याशी उभी राहून ती ऐकत होती. मग काय झालं, मानसिंगरावांनी विचारलं, आणि तो सांगायला लागला, रस्त्यात लोक कसे बघत होते, तिने कुल्फीवाल्याशी दोन रुपयांवरून कशी हुज्जत घातली. कुकरच्या शिट्टीखाली वाफ फुरफुरायला लागली. आता वाजेल, आणि तो आत बघेल. शरयूने हात लांब करून गॅस बंद केला, आवाज होऊ नये म्हणून बटण हळूहळू फिरवत, आणि पुढचं ऐकायला तशीच उभी राहिली.